पाणी बघितलेली गाडी: कोल्हापुरातील एका वापरलेल्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या पारखणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जानेवारी २०२५ मधले असून व्यवहाराचा बरावाईट निकाल त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर स्पष्ट झाला. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रस्तुत लेखक या व्यवहारात खरेदीदारांच्या वतीने गाडीची पाहणी करणारा तिऱ्हाईत म्हणून सहभागी होता.

खरेदीदार दांपत्य फुलेवाडी परिसरात राहणारे. पती गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत नोकरीला, तर पत्नी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. सासूबाई शाहूवाडी तालुक्यातील मूळ गावी राहत असल्याने जवळजवळ दर शनिवारी तिकडे जाणे होते आणि गाडी बहुतेक वेळा बाईच चालवतात. त्यांची आधीची हॅचबॅक गावाकडच्या उखडलेल्या कच्च्या रस्त्यावर खालून घासत असे. शिवाय गुडघेदुखीमुळे सासूबाईंना तिच्या खोल सीटवरून उठताना दर वेळी कुणाचा तरी हात धरावा लागे. उंच बसणारी, रस्त्यापासून पुरेशी वर असणारी आणि घाटात दमणार नाही अशी गाडी दुरुस्तीसह सात लाखांच्या आत बसवायची, एवढी त्यांची मागणी स्पष्ट होती.

समोरचे पर्याय

नवी गाडी घ्यायची तर या रकमेत सर्वांत लहान गाडीचा सर्वांत साधा प्रकारच हाती येत होता, म्हणून तो विचार लवकर मागे पडला. वापरलेल्या गाड्यांमध्ये तीन नावे चर्चेत आली. फोर्ड इकोस्पोर्टची बांधणी आणि रस्त्यावरची पकड दोघांनाही आवडली होती आणि भावही उतरलेला होता. मात्र फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केल्यामुळे पुढील सात-आठ वर्षे सुट्या भागांसाठी वाट पाहण्याची तयारी हवी होती आणि ती त्यांची नव्हती. टाटा नेक्सॉन डिझेलचे इंजिन ११० पीएसचे, गिअर सहा आणि गाड्यांची अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळालेले. कागदावर तीच सरस होती, परंतु त्या आठवड्यांत कोल्हापुरात आटोक्यातल्या भावाला जी एक नेक्सॉन मिळत होती तिचा मालक तिसरा होता आणि सर्व्हिसची कोणतीही नोंद उपलब्ध नव्हती.

तिसरी गाडी मारुती विटारा ब्रेझा झेडडीआय. सप्टेंबर २०१८ ची नोंदणी, एमएच-०९, पहिला मालक, मीटरवर ८४ हजार किलोमीटर आणि मागणी सव्वासात लाखांची. विकणारे नागाळा पार्कात राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी होते. दांपत्याने गाडी एकदा पाहिली, चारपाच किलोमीटर चालवली आणि दुसऱ्या दिवशी अकरा हजारांचा इसार देऊन मोकळे झाले. पाहणीसाठी गाडी माझ्याकडे आली ती त्यानंतर.

प्रश्न

जुन्या गाडीतील दोष तीन जातींचे असतात आणि ते एकाच यादीत लिहिले की निर्णय बिघडतो. काही दोष त्या मॉडेलच्या घडणीतच असतात. ते प्रत्येक गाडीत सापडणार, त्यामुळे त्यांच्यासाठी भाव पाडून मागण्यात अर्थ नसतो आणि ते आपल्याला चालणार आहेत का, एवढेच ठरवायचे असते. दुसरे झिजेचे दोष, ज्यांचा खर्च मेस्त्री कागदावर मांडून देऊ शकतो. तिसरे गाडीच्या इतिहासातले, म्हणजे मोठा अपघात, पुराचे पाणी किंवा मागे फिरवलेले मीटर. यांची किंमत सहसा नंतर कळते.

कोल्हापुरात या तिसऱ्या जातीला विशेष महत्त्व आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असताना ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. नागाळा पार्क, शाहूपुरी, कसबा बावड्याचा सखल भाग येथे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. अशा भंगारात निघालेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा बाजारात येतात, ही गोष्ट या व्यवसायातील सर्वांना ठाऊक आहे. आरसीवरील पत्ता नागाळा पार्कचा आणि गाडी २०१८ ची, म्हणजे दोन्ही महापुरांच्या वेळी ती कुठे उभी होती हा प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या आधीचा होता. विक्रेत्यांचे उत्तर ठाम होते: “गाडीला थेंबभर पाणी लागलेलं नाही.”

मॉडेलचे गुणदोष

यावर फार वेळ घालवावा लागला नाही. रस्त्यापासूनची उंची १९८ मिलिमीटर, लांबी चार मीटरच्या आत आणि सीट अशा उंचीवर की वयस्क माणसाला न वाकता आत बसता यावे. १२४८ सीसीचे, मूळ फियाटचे डिझेल इंजिन ९० पीएस शक्ती आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा आणि सियाझ या गाड्यांमध्येही हेच इंजिन वर्षानुवर्षे वापरले गेल्यामुळे २०२० मध्ये कंपनीने डिझेल बंद केले तरी शिवाजी उद्यमनगरात त्याचे भाग आणि त्यावर हात बसलेले मेस्त्री दोन्ही सहज मिळतात. टायमिंगला पट्टा नसून साखळी आहे. गाडी बीएस-४ असल्यामुळे शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबणारा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तिच्यात नाही. ग्लोबल एनकॅपने २०१८ मध्ये या मॉडेलला प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले होते आणि ही गाडी त्या वर्षीच्या सुधारणांनंतरची असल्याने दोन एअरबॅग व एबीएस तिच्यात होतेच.

उणिवांमध्ये मागचे ब्रेक ड्रमचे, गिअर पाचच, आतले प्लास्टिक कडक आणि डिझेलचा खडखडाट स्पष्ट ऐकू येणारा. सर्वांत महत्त्वाची उणीव म्हणजे इंजिनाचा खरा जोर मिनिटाला साधारण १७५० फेऱ्यांनंतर येतो आणि त्याखाली ते मलूल वाटते. सपाट रस्त्यावर याची जाणीव होत नाही, चढाच्या वळणावर होते. या मुद्द्याकडे पुन्हा यावे लागेल.

पहिली पाहणी आणि झिजेचे दोष

गाडी सकाळी, रात्रभर उभी असताना पाहण्याची अट घातली होती, कारण आधीच गरम करून ठेवलेले डिझेल इंजिन आपले अनेक दोष लपवते. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली. पहिल्या किल्लीत इंजिन लागले, धूर दोनचार सेकंदांत निवळला आणि ऑइलचे झाकण काढल्यावर आतून वाफेचा जोर जाणवला नाही. टर्बोच्या नळीत तेलाचा हलका ओलावा होता, या वयाला तो अपेक्षितच. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर छत आणि तीन दरवाजे ११० ते १४० मायक्रॉनच्या दरम्यान भरले, तर डावा मागचा दरवाजा २८० च्या आसपास, म्हणजे तो एकदा रंगवलेला होता. मात्र खांबांवरचे जोड आणि कंपनीचे सीलंट अस्पर्श असल्याने ही बाब ओरखड्यापुरतीच असल्याचे मानले.

टायरवरील, उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणाऱ्या चार अंकी शिक्क्यांनुसार दोन टायर २०१८ चेच निघाले. त्यांवर नक्षी शिल्लक होती, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. पुढच्या सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड वाजत होते. क्लच तपासण्यासाठी शिवाजी पुलावरून केर्ली, वाघबीळ मार्गे पन्हाळ्यापर्यंत गाडी नेली. सपाटीला चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर फेऱ्यांचा काटा चढला आणि वेग मात्र रेंगाळत मागून आला, पन्हाळ्याच्या चढाला तर हे अधिकच स्पष्ट झाले. क्लच संपत आला होता. स्कॅनरमध्ये कोणताही सक्रिय दोष नव्हता आणि एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागून नियमाप्रमाणे विझत होता. काही गाड्यांत हा दिवाच कायमचा काढून टाकलेला असतो, म्हणून तो लागतो की नाही हे आधी पाहावे.

डिकीतला गाळ

निर्णयाचे पहिले खरे वळण डिकीत सापडले. स्टेपनी उचलल्यावर तिच्या खोबणीत, मधल्या बोल्टच्या भोवती, वाळून पापुद्रे सुटलेला मातीचा पातळ थर होता. विक्रेत्यांचे म्हणणे असे की रत्नागिरीला लेकीकडे नेहमी जाणे असल्याने ती कोकणातली माती असावी. उत्तर अगदीच अशक्य नव्हते, कारण आंबा घाटाच्या अलीकडे-पलीकडे जांभ्या दगडाचा लाल फुफाटा गाडीच्या प्रत्येक फटीत शिरतो आणि या गाडीच्या दरवाजांच्या बिजागरीत, मागच्या दिव्यांच्या कडांना तो लाल फुफाटा होताही. पण स्टेपनीच्या खोबणीतली माती वेगळी होती. तिचा रंग राखाडीकडे झुकणारा तपकिरी, कण पिठासारखे बारीक आणि पापुद्रे वर वळलेले. उडून आलेली धूळ अशी थर धरून तडकत नाही, त्यासाठी गढूळ पाणी साचून सावकाश आटावे लागते. शेजारी ठेवलेल्या लाल मातीच्या चिमटीशी तुलना केल्यावर खरेदीदारांनाही फरक सांगावा लागला नाही.

येथे इसार सोडून माघार घ्यावी, असा पतीचा तत्काळ आग्रह होता. माझे मत असे पडले की पाणी लागले होते हे सिद्ध झाले असले तरी ते कुठपर्यंत आले होते हे कळल्याशिवाय माघार आणि होकार दोन्ही घाईचे ठरतील, कारण स्टेपनीची खोबण ही गाडीच्या खालच्या भागांपैकी असल्याने तिथवर पोहोचलेले पाणी आत, पायाशी पोहोचलेच असेल असे नाही.

त्यानंतरची पाहणी केवळ पाण्याची रेषा शोधण्यासाठी केली. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढले, कारण गाडी कितीही धुतली तरी रिळात गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर गाळाचा डाग राहून जातो. पट्टे स्वच्छ होते. दरवाजाच्या उंबऱ्यावरची पट्टी काढून गालिचा उचलला, खालचा नमदा कोरडा आणि मूळ रंगाचा होता. पुढच्या सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर उघडले तर आतल्या पिना चकचकीत. मला सर्वांत विश्वासार्ह वाटला तो पुरावा मात्र सीटच्या बोल्टांचा. आत पाणी शिरलेली गाडी वाळवायची तर सीट काढाव्याच लागतात आणि बोल्टाला पाना लागला की कडांवरचा मूळ लेप ओरखडतो. या गाडीच्या बोल्टांना कधी पाना लागलेला नव्हता.

उद्यमनगरातील ज्या अनुभवी मेस्त्रींकडून दुसरे मत घेतले त्यांनी गाडी लिफ्टवर घेऊन मागचे ड्रम उघडले, आतला गंज पाहिला आणि एका वाक्यात निकाल दिला: “गाडीनं पाणी बघितलंय साहेब, प्यायलेलं न्हाई.”

नोंदी काय बोलल्या

निर्णयाचे दुसरे वळण कागदाचे होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील पूर्ण इतिहास मालकाच्या संमतीशिवाय मिळत नाही आणि विक्रेत्यांनी तो द्यायला टाळाटाळ केली. तो मिळाल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत, असे बाईंनी शांतपणे सांगितल्यावर तो आला. ऑगस्ट २०२१ च्या नोंदीत, ३८ हजार किलोमीटरवर, मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंग, ब्रेक शू आणि गिअरबॉक्सचे ऑइल बदललेले होते. बेअरिंग एरवीही बदलली जातात, मात्र सुस्थितीतल्या गिअरबॉक्सचे ऑइल अवेळी कुणी सहज बदलत नाही. ते बदलले जाते तेव्हा आत पाणी गेल्याची शंका असते. वायरिंग, डॅशबोर्ड, सीट किंवा गालिचा यांवर कोणतेही काम झालेले नव्हते.

नोंद समोर ठेवल्यावर विक्रेत्यांनी हकिगत सांगितली. २०१९ मध्ये त्यांनी गाडी वेळेवर राजारामपुरीत नातेवाइकांकडे हलवली होती. २०२१ ला पाणी रात्रीतून चढले आणि सकाळी पाहिले तेव्हा चाकांच्या मध्यापर्यंत आले होते. गाडी सुरू न करता चौघांनी ढकलून वर घेतली आणि नंतर टो करून नेली. सुरू न करण्याचा हा शहाणपणा त्यांच्याकडे होता म्हणूनच इंजिन वाचले. हे सांगायला त्यांनी एवढा वेळ का लावला, हे मात्र मला आजही कळलेले नाही, कारण पुराव्याशी जुळणारी ही हकिगत पहिल्याच दिवशी सांगितली असती तर व्यवहार कदाचित अधिक चांगल्या भावाला झाला असता.

कागदपत्रांत आणखी एक अडसर निघाला. कर्ज फिटलेले असूनही आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरेपर्यंत उर्वरित रक्कम द्यायची नाही, असे ठरले आणि त्यात तीन आठवडे गेले. दोन्ही पक्ष एकाच आरटीओच्या हद्दीतले असल्याने फॉर्म २९ आणि ३० वर हस्तांतरण झाले, दुसऱ्या आरटीओत गाडी नेताना लागणाऱ्या फॉर्म २८ ची गरज पडली नाही.

निर्णय आणि व्यवहार

आता तीन वाटा होत्या: इसार सोडून देणे, मागितलेल्या भावात थोडी घासाघीस करून घेणे, किंवा प्रत्येक दोषाचा हिशेब मांडून नवा भाव सांगणे. तिसरी वाट निवडली. क्लच, दोन टायर, पुढचे बुश व लिंक रॉड, मागचे ब्रेक आणि एक पूर्ण सर्व्हिस यांचा मेस्त्रींनी काढलेला अंदाज ५२ हजारांचा होता. त्यावर पाण्याच्या इतिहासापोटी वेगळी वजावट मागितली, कारण गंजाचे काम वर्ष-दोन वर्षांनी वर येते आणि गाडी पुढे विकताना हाच प्रश्न दांपत्यालाही विचारला जाणार होता. सहा लाख पस्तीस हजारांवर बोलणी थांबली. गाडी थेट मालकाकडून घेतल्याने जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या नफ्यावर लागणाऱ्या जीएसटीचा प्रश्न आला नाही. विमा नावावर करून घेताना इंजिनाच्या संरक्षणाचे पूरक कलम घेण्याचा मी आग्रह धरला, कारण साध्या सर्वंकष पॉलिसीत पुराचे नुकसान धरले जाते, पण पाण्यात गाडी सुरू केल्यामुळे इंजिन अडकले तर तो खर्च बहुतेक वेळा नाकारला जातो.

परिणाम

क्लच पहिल्या पंधरवड्यात बदलला आणि अंदाजातील सर्व कामे ५५ हजारांत झाली. मे महिन्यात मागचे पार्किंग सेन्सर काही कारण नसताना वाजू लागले. मागचा बंपर उतरवल्यावर वायरिंगच्या जोडात हिरवा कीट चढलेला दिसला आणि तो जोड बदलावा लागला. ऑक्टोबरमध्ये डाव्या मागच्या चाकाचे बेअरिंग घरघरू लागले आणि तेही बदलले. दोन्ही कामे मिळून साडेनऊ हजार गेले. दोन्ही जागा चाकाच्या मध्याच्या रेषेला किंवा त्याच्या खाली आहेत, म्हणजे पाण्याच्या पातळीबद्दलचा अंदाज बरोबर होता. त्या रेषेच्या वर पूर्ण पावसाळाभर काहीही बिघडले नाही. कंपनीचा दावा लिटरला २४.३ किलोमीटरचा असला तरी शाहूवाडीच्या फेरीत गाडी अठरा-एकोणीस देते. सासूबाई आता आधाराशिवाय उतरतात.

तक्रार आली ती वेगळ्याच बाबतीत. गावातल्या घराआधीच्या उभ्या चढावर, वळून दुसऱ्या गिअरमध्ये वर येताना, गाडी दोनदा बंद पडली. इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांतला तो मलूलपणा बाईंना जुन्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये माहीत नव्हता. पहिला गिअर वेळेवर घेण्याची सवय लागायला दोन महिने गेले.

वेगळे काय करता आले असते

पन्हाळ्याच्या चाचणीत गाडी मी आणि पतींनी चालवली, बाई मागे बसल्या होत्या. जी व्यक्ती आठवड्यातून सहा दिवस गाडी चालवणार तिनेच चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहिली असती, तर ती उणीव खरेदीआधीच समजली असती. त्यामुळे निर्णय बदलला असता असे मला वाटत नाही, पण नेक्सॉनसाठी आणखी महिनाभर थांबावे का याचा विचार झाला असता.

इसार देण्याआधी सर्व्हिसचा इतिहास मागायला हवा होता. अकरा हजार ही रक्कम मोठी नाही, तरी ती अडकलेली असल्यामुळे गाळ दिसल्यानंतरच्या चर्चेत तिचे नाव वारंवार निघाले. पाहणीत दोष निघाल्यास इसार परत, असे एक वाक्य साध्या कागदावर दोन्ही सह्यांनिशी लिहून घेतले असते तरी पुरे होते. मागचा बंपर पाहणीच्या वेळीच उतरवण्याची परवानगी मागता आली असती. विक्रेता ती सहसा देत नाही, पण गाळ सापडल्यानंतर नाही म्हणणे त्यालाही जड गेले असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्यांच्या मागोमाग जुन्या गाड्यांचे भावही सैल झाले. नऊ महिने थांबलो असतो तर, असे पती अधूनमधून म्हणतात. जानेवारीत हे कुणालाही ठाऊक नव्हते आणि त्या नऊ महिन्यांत गावाच्या फेऱ्या थांबणार नव्हत्या, त्यामुळे या मुद्द्याला मी निर्णयातील उणीव मानत नाही. त्यातून गाडीची पुनर्विक्रीची किंमत मात्र कमी झाली आहे. ऑगस्ट २०२१ च्या कामाची नोंद आणि स्टेपनीखालच्या गाळाचे फोटो दांपत्याने आरसीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवले आहेत. पुढच्या गिऱ्हाइकाला ती फाइल स्वतःहून दाखवायची, की त्याने विचारल्यावरच, यावर दोघांचे अजून एकमत झालेले नाही.